बायअ‍ॅम्प केलं तरी ड्रायव्हर पुन्हा पुन्हा का उडतात?

गणपती उठले की दुरुस्तीच्या टेबलावर ड्रायव्हरचा, म्हणजे हॉर्नमागच्या वरच्या पट्टीच्या स्पीकरचा, ढीग लागतो आणि तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू झाल्या की दुसरा. बायअ‍ॅम्प केलेल्या (बेस आणि ड्रायव्हर वेगवेगळ्या अ‍ॅम्पवर चालणाऱ्या) टॉपचे, म्हणजे वूफर (बेसचा स्पीकर) आणि ड्रायव्हर असलेल्या पेट्यांचे, ड्रायव्हर त्यात कमी असायला हवेत. तसं दिसत नाही. तक्रार जवळजवळ एकाच साच्यातली असते : पेटीतला क्रॉसओव्हर (खालचा आणि वरचा आवाज वेगळा करणारं सर्किट) काढून टाकला, बाहेरचा रॅकमध्ये बसवला, बेसला एक अ‍ॅम्प, ड्रायव्हरला दुसरं, आवाज एकदम मोकळा झाला. पण दर दोन-चार सुपाऱ्यांनंतर एखादा ड्रायव्हर बंद. नवा डायफ्रॅम (ड्रायव्हरमधला हलणारा पातळ पडदा, कॉइलसकट) टाकायचा, तोही महिनाभरात जातो.

मग डायफ्रॅमवाल्याला शिव्या बसतात. माल डुप्लिकेट असतोही कधीकधी. पण एकाच पेटीत तीन वेगवेगळ्या दुकानांचे डायफ्रॅम गेले असतील, तर दोष मालात शोधण्यात अर्थ नाही. गेलेला डायफ्रॅम कचऱ्यात टाकण्याआधी तो उजेडात धरून बघा. तो कशाने मेला हे त्याच्यावरच दिसतं आणि त्यावरून साखळीचा कुठला भाग तपासायचा ते ठरतं.

तो मरतो साधारण दोन प्रकारांनी. एकात कॉइल काळी किंवा तपकिरी पडलेली असते, वार्निश जळल्याचा वास येतो, कधी वेटोळी सुटून गॅपमध्ये (चुंबकातल्या फटीत) अडकलेली असतात. हा उष्णतेचा बळी. दुसऱ्यात कॉइल तांब्यासारखी चकचकीत असते, पण टायटॅनियमच्या घुमटाला कडेने तडा गेलेला असतो, कधी तुकडेच पडलेले असतात, किंवा कॉइलकडून टर्मिनलकडे येणारी चपटी तार मानेतून तुटलेली असते. हा जास्त हलल्यामुळे मेला. पहिल्याचा अर्थ जास्त पॉवर जास्त वेळ गेली. दुसऱ्याचा अर्थ जी खालची फ्रिक्वेन्सी किंवा जो झटका त्याच्यापर्यंत पोहोचायलाच नको होता, तो पोहोचला.

तडा गेला असेल तर

पेटीतून जे चार-पाच पार्ट काढले, ते तीन कामं करत होते. बेस अडवणं हे एक. मालिकेतला कपॅसिटर डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) आणि ऑन-ऑफचा ठोका अडवत होता, हे दुसरं. रेझिस्टर ड्रायव्हरचा आवाज वूफरच्या पातळीवर आणत होते, हे तिसरं. बाहेरच्या क्रॉसओव्हरने फक्त पहिलं काम हातात घेतलं. दुसरं कोणीच घेतलं नाही. तिसरं तुमच्या हातातल्या बटणावर आलं.

पहिल्या कामापासून सुरुवात करू. एक इंची तोंडाच्या ड्रायव्हरला कंपनी जी किमान फ्रिक्वेन्सी देते ती बहुधा १२०० ते २००० हर्ट्‌झच्या दरम्यान असते, आणि त्यावर लिहिलेले वॉट त्या फ्रिक्वेन्सीच्या वरच खरे असतात. तेवढाच आवाज काढायला एक सप्तक खाली उतरलं की डायफ्रॅमला दुप्पट ते चौपट हलावं लागतं. म्हणजे १६०० चा क्रॉसओव्हर ८०० वर आणला, की कानाला "वोकल भरदार झाला" असं वाटतं आणि डायफ्रॅमचे दिवस भरतात. शिवाय हॉर्न एका मर्यादेखाली डायफ्रॅमला हवेचा आधारच देत नाही. तिथे तो मोकळा थडथडतो.

पण ८०० वर मुद्दाम आणणारे थोडे. जास्त घात होतो तो अ‍ॅनालॉग क्रॉसओव्हरवरच्या "गुणिले दहा" बटणाने. हे बटण दाबलेलं असेल तर नॉबवरचा १६० चा आकडा १६०० होतो. नसेल तर १६० हा १६०च राहतो. काही मॉडेलमध्ये ते मागच्या बाजूला असतं. रॅक गाडीत चढवताना, केबल खोचताना बोट लागतं, पुढून काहीच बदललेलं दिसत नाही, आणि पहिल्याच गाण्याला १६० हर्ट्‌झपासूनचा सगळा माल ड्रायव्हरवर. दुसरा सापळा मोडचा. स्टीरिओ टू-वे (दोन बाजू, प्रत्येकी दोन पट्टे) आणि मोनो थ्री-वे (एकच बाजू, तीन पट्टे) यांत त्याच नॉबची आणि मागच्या त्याच सॉकेटची कामं बदलतात, म्हणून पॅनेलवर वर एक आणि खाली एक अशी दोन नावं छापलेली असतात. चुकीची ओळ वाचली की मिडची केबल ड्रायव्हरच्या अ‍ॅम्पमध्ये जाते. मोड एकदा ठरला की दुसरी ओळ काळ्या टेपने झाका. गुणिले दहाच्या बटणावरही टेप मारा, आणि रॅकला पुढून पारदर्शक पट्टी बसवता आली तर उत्तम. डीएसपी प्रोसेसर (डिजिटल क्रॉसओव्हर) वापरत असाल तर प्रीसेटला (साठवलेल्या सेटिंगला) कुलूप लावा. मिरवणुकीत "जरा बघतो" म्हणून हात लावणारे कमी नसतात.

आता वायरिंग. चार पिनांच्या स्पीकॉनमध्ये (स्पीकर केबलच्या प्लगमध्ये) बायअ‍ॅम्पची सर्वमान्य पद्धत अशी : पहिल्या जोडीवर बेस, दुसऱ्या जोडीवर ड्रायव्हर. गावात सुताराकडून बनवून घेतलेल्या पेट्यांत मिस्त्रीने ती पाळली असेलच असं नाही. त्यातून भाड्याच्या पेट्या आल्या की गोंधळ पक्का. दोन पिनांचा स्पीकॉन चार पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो आणि फक्त पहिल्या जोडीला जोडला जातो. पेटी नीट असेल तर वूफर वाजेल, ड्रायव्हर गप्प राहील, नुकसान काही नाही. पण पेटीत जोड्या उलट्या असतील आणि कोणी डबल अठराची (दोन अठरा इंची वूफरच्या बेस पेटीची) केबल तिथे खोचली, तर ड्रायव्हर एका ठोक्यात गेला. तयार पेट्यांच्या मागे फुलरेंज आणि बायअ‍ॅम्पचा स्विच असतो, तोही प्रत्येक पेटीवर बघायचा. एक पेटी फुलरेंजवर राहिली तर तिच्यात तुमचा बाहेरचा आणि तिचा आतला असे दोन क्रॉसओव्हर एकामागे एक लागतात, आणि त्या पेटीचा आवाज बिघडतो.

वायरिंग बदललं, पेटी नवी आली किंवा ऑपरेटर नवा असला, की मी ड्रायव्हर जोडायच्या आधी त्याच्या वायरवर एखादा जुना आठ इंची स्पीकर लावतो. बारीक आवाजात गाणं सोडायचं. त्या स्पीकरमधून नुसता झांजांचा आणि "स"काराचा आवाज यायला हवा. ढोलाचा ठोका ऐकू आला की तिथेच थांबायचं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि स्पीकर गेला तरी जुनाच गेला.

कपॅसिटर परत बसवा

बायअ‍ॅम्प म्हणजे अ‍ॅम्प थेट ड्रायव्हरला, मध्ये काही नको, असं ठासून सांगणारे बरेच भेटतात. स्टुडिओत किंवा कायम बसवलेल्या हॉलमध्ये ते चालत असेल. जनरेटरवर चालणाऱ्या गाडीवर चालत नाही. ड्रायव्हरच्या मालिकेत एक कपॅसिटर हवाच.

किंमत काढायची रीत सोपी आहे. क्रॉसओव्हरच्या दोन सप्तकं खाली त्याची काटछाट सुरू झाली पाहिजे, म्हणजे तो क्रॉसओव्हरच्या कामात लुडबुड करत नाही. १६०० हर्ट्‌झच्या क्रॉसओव्हरला ४०० हर्ट्‌झ धरा. ८ ओहमच्या ड्रायव्हरला साधारण ५० मायक्रोफॅरड येतात. बाजारात मिळणारा ४७ चा चालतो, त्याची काटछाट ४२० हर्ट्‌झच्या आसपास येते. १६ ओहमच्या ड्रायव्हरला २२ किंवा २४ पुरे. तो फिल्मचा किंवा नॉन-पोलर असावा, १६० व्होल्ट किंवा त्याहून वरचा. पॉवर सप्लायमधला अधिक-उणे खुणेचा इलेक्ट्रोलिटिक इथे लावू नका. तो फुगतो, आणि फुटतोसुद्धा.

चुकून बेस आलाच तर हा कपॅसिटर १०० हर्ट्‌झला साधारण १३ डीबी (डेसिबल) कापतो. म्हणजे ड्रायव्हरला वाचवायला थोडा वेळ मिळतो, अभय नाही. अ‍ॅम्पचा आउटपुट उडून डीसी आला तर मात्र तो पूर्ण वाचवतो.

एक गंमत लक्षात ठेवा. कपॅसिटर बसवल्यावर पेटीच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावला तर ड्रायव्हर नेहमी ओपनच दाखवेल. चांगले ड्रायव्हर खोलून बघणारे अशा वेळी भेटतात. मीटर ड्रायव्हरच्या टर्मिनलवर, वायर सोडवून लावा. ८ ओहमचा धडधाकट ड्रायव्हर साडेपाच-सहा ओहमच्या आसपास दाखवतो.

जनरेटरचा विषय यालाच लागून आहे. डिझेल संपलं, किंवा बेसच्या ठोक्याला व्होल्टेज कोसळलं, की क्रॉसओव्हर आणि मिक्सर आधी मरतात. अ‍ॅम्पच्या पोटात मात्र अजून दम असतो. क्रॉसओव्हर मरताना जो "थप्प" सोडतो तो अ‍ॅम्प इमानेइतबारे मोठा करून ड्रायव्हरला देतो. डीएसपी तर व्होल्टेज हललं की रीस्टार्ट होतो. उपाय स्वस्त आहे : मिक्सर, लॅपटॉप आणि क्रॉसओव्हर छोट्या यूपीएसवर, अ‍ॅम्प थेट जनरेटरवर. जनरेटर गेला तर अ‍ॅम्प आधी झोपतील आणि क्रॉसओव्हर जागा राहील. क्रमही तोच हवा. चालू करताना अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी.

कॉइल जळली असेल तर

इथे प्रकरण जास्त गुंतागुंतीचं होतं, कारण वायरिंग सगळं बरोबर असतं आणि तरी ड्रायव्हर जातात.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की बायअ‍ॅम्प केलं म्हणजे क्लिपिंगची (मर्यादेपलीकडे ढकलल्याने आवाज फाटण्याची) भीती गेली. अर्धं खरं आहे. बेसचं अ‍ॅम्प क्लिप झालं तर त्यातून निघणारी चरचर आता ड्रायव्हरकडे जात नाही, वूफरलाच मिळते. बायअ‍ॅम्पचा खरा फायदा तोच. पण क्रॉसओव्हरच्या आधी जे फाटतं, त्याला क्रॉसओव्हर काय करणार? डीजे मिक्सरचा लाल लाइट अखंड पेटलेला असेल तर बेसचा ठोका तिथेच चौकोनी होतो, आणि त्या चौकोनातून तयार झालेल्या वरच्या फ्रिक्वेन्सी क्रॉसओव्हर प्रामाणिकपणे वेगळ्या काढून ड्रायव्हरच्या अ‍ॅम्पला देतो. रॅकमधली सगळी अ‍ॅम्प हिरवी, मिक्सर लाल, आणि ड्रायव्हर जळतायत, असं दृश्य असेल तर कारण समोरच आहे. आवाज कमी पडतोय म्हणून डीजे मिक्सर वर ढकलतो. त्याला मिक्सर हिरव्या-पिवळ्यात ठेवून पुरेल इतका गेन (सिग्नलची वाढ) पुढे क्रॉसओव्हरवर द्या, म्हणजे त्याचा हात वर जाणार नाही.

मग ईक्यू, म्हणजे टोनचे नॉब. हायचा नॉब पूर्ण उजवीकडे केला की काही मिक्सर ६ डीबी वाढवतात, काही १२. सहा म्हणजे चौपट पॉवर, बारा म्हणजे सोळापट. आणि आपल्याकडची एक खास गोष्ट : कॉम्पिटिशनच्या ट्रॅकमधले सायरन आणि हॉर्न. साध्या गाण्यात वरचा माल क्षणभर येतो आणि जातो, मधल्या वेळात कॉइल निवते. सायरन दहा-दहा सेकंद एकसलग वाजतो, नेमका ड्रायव्हरच्या पट्ट्यात. गाण्याला महिनोन्‌महिने पुरलेला ड्रायव्हर अशा एका ट्रॅकवर जातो. हळदीत निवेदक माइक घेऊन टॉपसमोर येतो आणि शिट्टी बसते, तिचंही तेच.

आता पेटीतल्या रेझिस्टरचं ते तिसरं काम. हॉर्नवरचा ड्रायव्हर एका वॉटला सहज १०७ डीबी देतो, पंधरा इंची वूफर ९८. तेव्हा क्रॉसओव्हरवर वरचा भाग ९ डीबीने खाली असला की दोघं बरोबरीला येतात. डबल पंधराच्या पेटीत दोन वूफर समांतर असतील तर त्याच व्होल्टेजला ते ६ डीबी जास्त देतात, मग फरक तीनचाच उरतो. हे आकडे तुमच्या मालाच्या कागदावरून घ्या, पण सुरुवात इथून करा, दोन्ही नॉब बाराच्या काट्यावर ठेवून नाही.

आणि हा हिशेब दोन्ही अ‍ॅम्पचा गेन सारखा असेल तरच खरा. काही अ‍ॅम्पचा गेन २६ डीबी असतो, म्हणजे वीसपट. काहींचा ३२, म्हणजे चाळीसपट. मिरवणुकीत ड्रायव्हरचं अ‍ॅम्प बसलं, मित्राच्या गाडीवरचं आणून जोडलं, आणि नॉब होते तिथेच ठेवले, तर ड्रायव्हरला एका झटक्यात चौपट पॉवर मिळू शकते. "त्या दिवशी अ‍ॅम्प बदललं होतं" हे वाक्य दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नानंतर हमखास निघतं. गाणं थांबल्यावर हॉर्नमधून मोठा "स्स्स" येत असेल तर तीही वाढलेल्या गेनचीच खूण आहे. अ‍ॅम्पचा नॉब खाली, क्रॉसओव्हरचा आउटपुट त्या मानाने वर, असं केलं की तो "स्स्स" उतरतो.

लिमिटर (सिग्नल ठरलेल्या पातळीवर अडवणारं सर्किट) असेल तर तो अंदाजाने लावू नका. हिशेब एका ओळीचा आहे. ड्रायव्हर ६० वॉटचा, ८ ओहमचा धरला तर ६० गुणिले ८ म्हणजे ४८०, त्याचं वर्गमूळ साधारण २२ व्होल्ट. अ‍ॅम्प चाळीसपटीचं असेल तर त्याच्या इनपुटला ०.५५ व्होल्ट, म्हणजे उणे ३ डीबीयू (सिग्नलचं व्होल्टेज मोजायचं एकक). वीसपटीचं असेल तर १.१ व्होल्ट, म्हणजे अधिक ३. लिमिटरची रेघ तिथे. एका चॅनेलवर तेच ८ ओहमचे दोन ड्रायव्हर समांतर असले तरी व्होल्टचा आकडा बदलत नाही. रात्रभराच्या मिरवणुकीला मी यापेक्षा आणखी ३ डीबी खाली ठेवतो. समोर उभ्या असलेल्यांना फरक कळत नाही, कॉइलला कळतो. हा सगळा हिशेब अ‍ॅम्पचा नॉब पूर्ण उघडा धरून आहे. नॉब खाली असताना लिमिटर लावला आणि नंतर कोणी नॉब उघडला, तर लिमिटर असून नसल्यासारखा. नॉब ठरवला की त्यावर टेप.

ड्रायव्हरला दोन-दोन हजार वॉटचं अ‍ॅम्प लावणाऱ्यांशी वाद घालायचं मी सोडून दिलं आहे. मोठं अ‍ॅम्प स्वतःहून जाळत नाही, हे खरं. लिमिटर नीट लावलेला असेल तर ते बिनधास्त चालेल. पण जिथे असं अ‍ॅम्प दिसतं तिथे लिमिटर क्वचितच दिसतो.

एकामागून एक का जातात

चार टॉपपैकी एकाचा ड्रायव्हर जातो आणि तासाभरात दुसऱ्याचा. लोक म्हणतात, एकाचा लोड दुसऱ्यावर आला. समांतर जोडणीत तसं होत नाही, उरलेल्यांना तेवढंच व्होल्टेज मिळतं. होतं असं की एक गेल्यावर आवाज बोथट वाटतो, आणि ऑपरेटर हाय वाढवतो. दुसरा त्याने जातो. मग अजून वाढवतो.

याच मुळाची दुसरी फांदी जास्त फसवी आहे, कारण तिथे काहीच बिघडलेलं नसतं. ड्रायव्हरची पोलॅरिटी (अधिक-उणे वायर) उलटी लागली, की क्रॉसओव्हरच्या आसपासचा पट्टा वूफर आणि ड्रायव्हर मिळून एकमेकांचा खाऊन टाकतात. वोकल मागे जातो, शब्द कळत नाहीत. ऑपरेटर काय करणार? हाय वाढवणार. खड्डा तसाच राहतो, कॉइल जळते. तपासायचं असं : एकाच पेटीसमोर तीन-चार मीटरवर उभं राहा, बारीक आवाजात पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सींचा सळसळता चाचणी आवाज) किंवा नुसता वोकल सोडा, आणि क्रॉसओव्हरवरचं ड्रायव्हरचं फेज बटण दाबून-सोडून बघा. ज्या स्थितीत आवाज भरतो ती बरोबर. सप्तकाला २४ डीबी कापणाऱ्या लिंकविट्झ-रायली प्रकारच्या क्रॉसओव्हरला दोन्ही सरळ हवेत, १२ डीबीच्याला ड्रायव्हर उलटा. बटण दाबल्याने काहीच फरक पडत नसेल, तर दोघांमधलं अंतर आडवं येतंय. १६०० हर्ट्‌झची लहर जेमतेम २१ सेंटिमीटरची असते, म्हणजे वूफर आणि डायफ्रॅम दहा सेंटिमीटर पुढेमागे असले तरी सगळं उलटं होतं. डीएसपी असेल तर जो पुढे आहे त्याला डिले द्या, दहा सेंटिमीटरला साधारण ०.३ मिलिसेकंद. डिले नसेल तर क्रॉसओव्हर थोडा वर-खाली सरकवून कमीत कमी वाईट जागा शोधायची, ड्रायव्हरच्या किमान मर्यादेखाली न जाता.

पेट्या एकमेकींशीही पडताळा. चारपैकी एकीतच ड्रायव्हर उलटा असेल तर एकेकटी वाजवताना फार कळत नाही, शेजारी-शेजारी लावल्यावर कळतं.

नवा डायफ्रॅम बसवताना

कारण सापडल्याशिवाय बसवू नका, एवढं तर आलंच. गॅपमध्ये जळलेल्या वार्निशचे आणि टायटॅनियमचे कण राहतात. कार्डाच्या तुकड्यावर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून ती गॅपमध्ये सगळीकडे फिरवा, पट्टी स्वच्छ निघेपर्यंत. फुंकर मारून ते निघत नाहीत, अरुंद गॅपमध्ये अडकून राहतात. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. मग मोबाइलवरच्या टोन जनरेटरने अगदी बारीक आवाजात १००० पासून ५००० हर्ट्‌झपर्यंत सूर फिरवा. मध्ये कुठे खरखर आली तर कॉइल घासते आहे : स्क्रू सैल करा, डायफ्रॅम केसभर सरकवा, पुन्हा आवळा. घासणारी कॉइल आज वाजते आणि पुढच्या सुपारीला जाते, मग खापर पुन्हा क्रॉसओव्हरवर.

जुना डायफ्रॅम फेकू नका. त्याच्यावर मार्करने पेटीचा नंबर आणि तारीख लिहून डब्यात ठेवा. सीझन संपल्यावर डबा उघडला की बरंच कळतं. सगळे काळे एकाच बाजूच्या पेट्यांचे असतील तर त्या बाजूचं अ‍ॅम्प आणि त्याचा गेन बघा, दोन्ही बाजूंचे असतील तर मिक्सरवर कोण होतं ते विचारा. आणि तडे गेलेले सगळे एकाच तारखेचे निघाले, तर त्या रात्री जनरेटर किती वेळा बसला होता हे जनरेटरवाल्या पोराला आठवत असेल.